साहित्यातून एम.ए., पुढे रेटरिक-कॉम्पोझिशनची पीएचडी: काय बघून अर्ज करायचा

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी साहित्यात एम.ए. झालंय, काही वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलंय, आता अमेरिकेत 'रेटरिक अँड कॉम्पोझिशन'मध्ये, म्हणजे पटवून देण्याची कला आणि लेखन-अध्यापन यांच्या अभ्यासात, पीएचडी करायची आहे. हे साहित्यापेक्षा वेगळं कसं, पैसे कोण देतं, एम.ए.चा प्रबंध रायटिंग सॅम्पल (अर्जासोबत जोडायचा लेखनाचा नमुना) म्हणून चालेल का, आणि भारतात परतल्यावर या पदवीचं काय होतं?

या विषयाचं सगळं अर्थकारण एका वर्गावर चालतं. अमेरिकेत डिग्रीला आलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला, मग तो इंजिनिअरिंगचा असो की नर्सिंगचा, पहिल्या वर्षी लेखनाचा एखादा-दुसरा कोर्स करावाच लागतो. त्याला फर्स्ट-इयर कॉम्पोझिशन म्हणतात. तो शिकवायला माणसं लागतात म्हणून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फीमाफी आणि स्टायपेंड मिळतो. संशोधनाचा मोठा भागही त्याच वर्गाबद्दल असतो. पदवीनंतरची नोकरी बहुधा तो वर्ग शिकवायची, नाहीतर शिकवणाऱ्यांवर देखरेख करायची. तेव्हा आधी स्वतःला विचारा: अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचे कच्चे मसुदे पुढची पंचवीस-तीस वर्षं वाचायची तयारी आहे का? मन कादंबरीतच रमत असेल तर सरळ साहित्याच्या पीएचडीला अर्ज करा. 'इकडे प्रवेश सोपा मिळतो' असं ऐकून आलेले दुसऱ्या वर्षी कंटाळतात, आणि असा अर्ज प्रवेश समितीला पहिल्या परिच्छेदातच कळतो.

थोडा इतिहास लागतो, कारण तो माहीत नसल्याचं अर्जात दिसतं. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आणला आणि १८८५ मध्ये 'इंग्लिश ए' हा लेखनाचा कोर्स पहिल्या वर्षात बसवला. इतरांनी तेच उचललं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हा वर्ग म्हणजे साहित्याच्या विभागातलं बिनमानाचं काम होतं. तो शिकवणाऱ्यांची स्वतःची परिषद, कॉन्फरन्स ऑन कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशन, १९४९ मध्ये उभी राहिली. नावातल्या चार 'सी' अक्षरांवरून आजही सगळे तिला 'फोर सीज' म्हणतात. १९६३ च्या एका गाजलेल्या अहवालाने लेखनसंशोधनाची अवस्था किमयागिरीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या रसायनशास्त्रासारखी असल्याचं म्हटलं. १९७१ मध्ये जॅनेट एमिग यांनी बारावीच्या आठ मुलांना लिहिता लिहिता मोठ्याने विचार करायला लावून त्यांची लिहिण्याची प्रक्रिया टिपली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातल्या शाळांमधून बाहेर पडणाऱ्या सगळ्यांना दारं उघडली, तेव्हा मिना शॉनेसी यांनी तिथल्या सुमारे चार हजार प्रवेशनिबंधांतल्या चुका तपासल्या आणि १९७७ मध्ये दाखवून दिलं की त्या चुकांमागे मुलांचं स्वतःचं एक तर्कशास्त्र असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सक्तीचं इंग्रजी शिकवलेल्या कुणालाही हे वाचताना घरचं वाटेल. तुमच्या अर्जाची ताकद इथेच आहे, ऑक्सफर्डच्या कवींवर लिहिलेल्या प्रबंधात ती सापडणार नाही.

एक फाटा वेळीच ओळखा. १९१४ मध्ये भाषणकला शिकवणारे प्राध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. तेव्हापासून लिहिण्याचं रेटरिक इंग्रजीत आणि बोलण्याचं रेटरिक कम्युनिकेशन विभागात, अशी वाटणी आहे. ती काटेकोर नाही, पण अर्ज कुठे करायचा हे तिच्यावर ठरतं. उदाहरणार्थ, डॉ. आंबेडकरांची भाषणं आणि त्यांवरचा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा प्रभाव (आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते) यावर काम करायचं असेल, तर त्या विषयावर २०२३ मध्ये पुस्तक लिहिणारे स्कॉट स्ट्राउड ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आहेत, पण कम्युनिकेशन विभागात. इंग्रजी विभागांचीच यादी चाळत बसलात तर ते दिसणारही नाहीत. उलट बर्कलीचा रेटरिक विभाग नावावरून हवाहवासा वाटतो, पण तिथला भर तत्त्वज्ञान, कायदा, चित्रपट आणि सिद्धांतावर आहे. लेखन-अध्यापनाची पीएचडी म्हणून तिथे अर्ज केला तर शुल्क वाया जाईल.

कार्यक्रम निवडताना रँकिंग बाजूला ठेवा. पर्ड्यू, कार्नेगी मेलन, सिराक्यूज, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, लुइव्हिल, अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय ही या विषयातली जुनी, ओळखीची नावं, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सिराक्यूजमध्ये लेखनाचा विभाग इंग्रजीपासून स्वतंत्र आहे. आयोवा स्टेट आणि टेक्सास टेक तांत्रिक व व्यावसायिक लेखनाकडे झुकतात. इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया (हे पेनसिल्व्हेनियात आहे, इंडियाना राज्यात नाही, दरवर्षी कुणीतरी गोंधळतंच) उपयोजित भाषाशास्त्राशी जोडलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी तपासा. रेटरिक-कॉम्पचे कायम प्राध्यापक किमान तीन आहेत का? एकच असेल आणि तो नोकरी बदलून गेला, तर तुम्ही मार्गदर्शकाविना उरता. गेल्या पाच वर्षांत कोणते प्रबंध झाले आणि ती माणसं आज कुठे आहेत? ही यादी संकेतस्थळावर नसेल तर ग्रॅज्युएट डायरेक्टरला ईमेल करून मागा. सेमिस्टरला किती वर्ग शिकवावे लागतात? आणि यंदा प्रवेश देताहेत ना? २०२५ पासून काही विद्यापीठांनी मानव्यशाखांमधले पीएचडी प्रवेश कमी केले किंवा थांबवले आहेत, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून पैसे भरू नका.

आता रायटिंग सॅम्पल. एम.ए.चा प्रबंध जसाच्या तसा चालणार नाही. आपल्याकडच्या प्रबंधात पहिली वीस पानं लेखकाचं चरित्र आणि सिद्धांताचा सारांश, मग कादंबरीचं कथानक, शेवटी निष्कर्ष. समितीला हवा असतो एक प्रश्न, हाताशी असलेला पुरावा आणि तो वाचण्याची रीत. पंधरा ते वीस पानं, डबल स्पेस, म्हणजे साधारण पाच हजार शब्द. नवीन लिहिणं हाच खरा उपाय, आणि ऐवज तुमच्या टेबलावरच पडलेला असतो.

बारावीच्या 'युवकभारती' इंग्रजी पुस्तकात लेखनकौशल्यांमध्ये 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' हा घटक आहे. थांबून विचार करा: हा लेखनप्रकार एखाद्या संस्थेत प्रवेश मागण्यासाठी असतो, आणि इथे तो कुठेही अर्ज न करणारा विद्यार्थी परीक्षकासाठी, गुणांसाठी लिहितो. कॅरोलिन मिलर यांनी १९८४ मध्ये मांडलं की लेखनप्रकार हा नुसता साचा नसतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रसंगात माणसं ठरावीक पद्धतीने जे करू पाहतात, ती कृती म्हणजे लेखनप्रकार. मग प्रसंगच काढून घेतला की त्या प्रकाराचं काय उरतं? हा झाला तुमचा प्रश्न. पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकातला तो घटक, बाजारातली दोन-तीन गाइडं आणि उपलब्ध प्रश्नपत्रिका घ्या. नमुना उत्तरांतल्या प्रत्येक वाक्यापुढे ते वाक्य काय काम करतं याची खूण करा: ओळख, आवड, संस्थेची स्तुती, आधीचा अनुभव, पुढचं ध्येय. तीच उत्तरं एखाद्या सहकाऱ्याला तुमच्या खुणा न दाखवता तपासायला द्या आणि दोघांचं कुठे जुळत नाही ते बघा. कोणती कामं सगळ्या नमुन्यांत येतात, कोणती एकातही येत नाहीत, याचा छोटा तक्ता करा. जे येत नाही त्यातच बहुधा तुमचा मुद्दा दडलेला असतो. हे सगळं छापील साहित्य, त्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका वापरायचा मोह मात्र आवरा. त्यांचा अभ्यास माणसांवरचं संशोधन मानतात, आणि अमेरिकन विद्यापीठात त्यासाठी संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आयआरबी या समितीची मान्यता काम सुरू करण्याआधी घ्यावी लागते. आधी गोळा केलेली सामग्री नंतर मान्यता घेऊन प्रबंधात वापरू म्हटलं तर बहुतेक वेळा अडतं. पुढे पीएचडीत असं काम कराल तेव्हा प्राचार्यांचं पत्र, मराठीतलं संमतिपत्र आणि अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही लागेल. अकरावी-बारावीचे जवळपास सगळेच त्यात येतात.

तुमच्या स्वतःच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (एसओपी) 'लहानपणापासून इंग्रजीची आवड' हे वाक्य असेल तर खोडा. हजार शब्दांत तीन गोष्टी पुरतात: वर्गात दिसलेली एक अडचण, तिचा या शाखेत आधी चाललेल्या चर्चेशी संबंध, आणि तिचा अभ्यास नेमका याच विभागात का. समजा तुम्ही लिहिलंत: 'मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी कच्चं असतं, मला ते सुधारायचं आहे.' भावना चांगली, पण या शाखेत हे वाक्य अंगावर येतं. १९७४ मध्ये फोर सीजने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या भाषेवरच्या हक्काचा ठराव केला, आणि २०११ पासून 'ट्रान्सलिंग्वल' दृष्टिकोन, म्हणजे लिहिणाऱ्याच्या अनेक भाषा हे त्याचं भांडवल आहे असं मानणारी मांडणी, जोरात आहे. सुरेश कनगराजा यांचं काम याच अंगाने जातं. तेच वाक्य असं करून बघा: 'माझे विद्यार्थी उत्तराचा आराखडा मराठीत मांडतात, इंग्रजी वाक्यं गाइडमधून घेतात आणि परीक्षेत दोन्ही जोडतात. या जोडणीत ते कोणते निर्णय घेतात, हे मला तपासायचं आहे.' अनुभव तोच आहे, पण आता त्यात संशोधन दिसतं. ट्रान्सलिंग्वल मांडणीशी सहमत असायलाच हवं असं नाही. परीक्षा प्रमाण इंग्रजीतच होते आणि गुण त्यावरच मिळतात, हा तुमचा आक्षेप असेल तर तोही लिहा. मतभेद नीट मांडणारा उमेदवार लक्षात राहतो.

शिफारसपत्रं तीन. आपल्याकडची पत्रं 'सिन्सिअर, हार्डवर्किंग, गुड मॉरल कॅरेक्टर' यावर संपतात आणि त्यांचा उपयोग शून्य. सर-मॅडमना विनंती करताना सोबत तुमचं सॅम्पल, एसओपीचा मसुदा आणि तुम्ही त्यांच्याकडे केलेल्या कामाच्या चार ओळी द्या. त्यांनी एखाद्या निबंधाबद्दल किंवा एखाद्या तासाबद्दल ठोस लिहावं असं सुचवा. एक पत्र तुमचं शिकवणं पाहिलेल्या व्यक्तीचं हवंच, कारण तिथे उतरल्यावर पहिल्याच सत्रात तुम्हाला वर्गासमोर उभं करायचं आहे.

अंतिम तारखा साधारण १ डिसेंबर ते १५ जानेवारी. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट निघायला किती आठवडे लागतील याचा भरवसा नसतो, म्हणून ते काम जुलैतच लावा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. टोफेल किंवा आयईएल्टीएस मात्र लागते, आणि इथेच एक खाच आहे: प्रवेशासाठीचा एकूण गुणांचा निकष वेगळा आणि शिकवण्यासाठीचा स्पीकिंगचा निकष वेगळा, बहुतेकदा अधिक कडक. तो चुकला तर प्रवेश मिळतो पण असिस्टंटशिप (शिकवण्याच्या बदल्यात मिळणारी फीमाफी आणि स्टायपेंड) अडते, आणि असिस्टंटशिपशिवाय हा प्रवेश परवडत नाही. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात. अमेरिकन विद्यापीठांच्या सामायिक ठरावानुसार आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. त्याआधी कुणी घाई केली तर नम्रपणे ही तारीख सांगा.

पैशांचं पत्र बारकाईने वाचा. सार्वजनिक विद्यापीठांत नऊ महिन्यांचा स्टायपेंड ढोबळमानाने १८ ते ३० हजार डॉलर असतो. ट्यूशन माफ म्हणजे सगळंच माफ असं नाही, सेमिस्टरमागे 'फीज' म्हणून काहीशे डॉलर अनेकदा स्वतः भरावे लागतात. आरोग्यविमा किती भरतात ते विचारा. नऊ महिन्यांचं कंत्राट म्हणजे उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि असिस्टंटशिप बहुधा त्या वीसच्या वीस तासांची असते, त्यामुळे लायब्ररीत जादा काम करून भर घालू हा हिशेब चालत नाही. उन्हाळी वर्ग किंवा रायटिंग सेंटरचं (विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणारं केंद्र) काम कितीजणांना मिळतं, हा प्रश्न तिथल्या चालू विद्यार्थ्यांना विचारा. विभागाचं माहितीपत्रक याबाबत फार आशावादी असतं.

शिकवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण भारतातून आलेले अनुभवी शिक्षकच इथे सगळ्यात आधी अडकतात. ऑगस्टमध्ये आठवडा-दोन आठवड्यांचं ओरिएंटेशन, पहिल्या सत्रात लेखन कसं शिकवायचं याचा 'प्रॅक्टिकम' नावाचा कोर्स, आणि बहुतेक ठिकाणी ठरलेला सिलॅबस हातात. वर्गात २० ते २५ मुलं. फोर सीजची शिफारस कमाल २० ची आहे. चार असाइनमेंट, प्रत्येकाचा मसुदा आणि अंतिम प्रत धरली तर २० मुलांचे १६० कागद होतात. एका कागदाला वीस मिनिटं दिली तरी सत्रात ५३ तास नुसती तपासणी. आपल्या सवयीने लाल पेन घेऊन प्रत्येक स्वल्पविराम दुरुस्त करायला बसलात तर एका कागदाला चाळीस मिनिटं जातात आणि मूल तुम्ही केलेल्या दुरुस्त्या फक्त टाइप करून परत देतं. विचार जिथल्या तिथे. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं की नवखे लेखक पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणं समजतात, आणि शिक्षकांचे शेरे त्यांना तेच शिकवतात.

समजा, कॉलेजच्या खेळाडूंना पगार द्यावा का यावर मसुदा आला आहे. पाच परिच्छेद, चौदा किरकोळ चुका, आणि खरा दावा शेवटच्या परिच्छेदात: फुटबॉलवाल्यांना पैसे दिले की पोहणाऱ्यांचा संघ बंद पडेल. चौदा चुका सोडा. शेवटी चार ओळी लिहा: वाचक म्हणून मला काय कळलं, तुझा सगळ्यात ताजा मुद्दा शेवटी आलाय, तो वर आणलास तर दुसरा आणि तिसरा परिच्छेद लागतील का ते बघ, आणि संघ बंद पडण्याचा पुरावा कुठे मिळेल. एकच चूक वारंवार दिसत असेल तर एका जागी खूण करून बाकीच्या शोधायला सांगा. अंतिम प्रत आली की भाषेकडे वळा. चुकांची भीती बाळगायचं कारणही फारसं नाही. अमेरिकन कॉलेजमधल्या निबंधांची तपासणी १९८८ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये प्रसिद्ध झाली: शंभर शब्दांमागे चुका २.२६ वरून २.४५, म्हणजे जवळपास तेवढ्याच, पण निबंधांची लांबी दुपटीहून जास्त.

वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवणं, यादी दारावर लावणं, पालकांना फोनवर सांगणं, यातलं काही करू नका. १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याची शैक्षणिक माहिती खासगी ठरते. चॅटजीपीटी आल्यापासून फक्त अंतिम प्रत तपासणारे शिक्षक हतबल झाले आहेत. ज्यांच्याकडे वर्गात लिहिलेलं टिपण, पहिला मसुदा, एकमेकांना दिलेले शेरे असा माग असतो, त्यांना कमी त्रास होतो. एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नका. परभाषेत लिहिणाऱ्यांवर ती नाहक आळ घेतात, आणि हे तुमच्या स्वतःच्या लेखनाबाबतही होऊ शकतं.

अभ्यासक्रम सांगण्यासारखा सरळ आहे: दोन-अडीच वर्षं कोर्सेस (प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटलपासून रेटरिकचा इतिहास, कॉम्पोझिशनचे सिद्धांत, संशोधनपद्धती), मग वाचनयाद्यांवरची परीक्षा, प्रॉस्पेक्टस (प्रबंधाचा आराखडा), प्रबंध. एम.ए.नंतर चार ते पाच वर्षं धरा. संख्याशास्त्राचा एक कोर्स जरूर घ्या. साहित्यातून येणारे तो टाळतात आणि मग गोळा केलेल्या आकड्यांचं काय करायचं ते कळत नाही.

नोकऱ्यांचं चित्र गुलाबी नाही. एमएलए या भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या यादीतल्या इंग्रजीच्या नोकऱ्यांच्या जाहिराती २००८ च्या मंदीनंतरच्या दशकात निम्म्याच्या खाली आल्या. त्यातल्या त्यात लेखनाच्या जागा साहित्यापेक्षा बऱ्या राहिल्या, पण त्यांतल्या अनेक लेक्चररच्या, मुदतीच्या. टेन्युअर (कायम नेमणूक) मिळण्याआधीच लेखन-कार्यक्रमाचं संचालकपद देऊ केलं तर सावध राहा. वेळापत्रकं आणि तक्रारी यांत वर्षं जातात आणि लेख राहून जातात. ही शाखा स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत, मोडत नाही, त्यामुळे पदवीनंतरचा ओपीटी (विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) बारा महिन्यांचाच. इंजिनिअर मित्रांना मिळते ती चोवीस महिन्यांची वाढ तुम्हाला नाही. विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीबाहेर आहेत ही जमेची बाजू. बाकी व्हिसाचे नियम सध्या सारखे बदलताहेत, ते अर्जाच्या वर्षीच बघा.

भारतात परतायचं असेल तर एक कलम आत्ताच वाचून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार परदेशी पीएचडीवर नेटशिवाय असिस्टंट प्रोफेसर होता येतं, पण ते विद्यापीठ क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एका जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असावं लागतं. या विषयातले काही उत्तम कार्यक्रम मध्यम आकाराच्या राज्य विद्यापीठांत आहेत, जी त्या पाचशेत बसतीलच असं नाही. नेट झालेली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर जाण्याआधीच देऊन टाका. तिचा अभ्यासक्रम साहित्याचा आहे आणि तुमचं साहित्याचं वाचन आत्ता ताजं आहे. सरकारी अनुदानित महाविद्यालयात तुम्हाला पुन्हा साहित्यच शिकवायला मिळेल, हे गृहीत धरा. अशोकासारख्या काही खासगी विद्यापीठांत क्रिटिकल रायटिंगचे वर्ग आणि लेखन केंद्रं आहेत. या पदवीला थेट मागणी आज तिथे आहे, जागा मात्र मोजक्याच.